भिंतीची ओल : झाकण्याच्या चार पायऱ्या, काढण्याची एक

भिवापूरचा माणूस वाळलेली मिरची कानाशी नेऊन हलवतो. आत बी खुळखुळलं तर माल वाळला. मिरची गप्प बसली तर ओल आहे. भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरचीचं हे गाव. इथे सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागी, देठ खुडणारी बाई नुसत्या बोटांनी ओली मिरची ओळखून बाजूला काढते, कारण एका ओल्या मिरचीची बुरशी साऱ्या ढिगाला लागते. आणि हेच गाव संध्याकाळी घरी येऊन परातीएवढ्या ओलीला पाठ टेकून चहा पितं. अशा तज्ज्ञ मंडळींसाठी, म्हणजे आमच्याचसाठी, हे मार्गदर्शन.

पायरी 1 : नाकारा. ओल पहिल्या वर्षी वाटीएवढी असते, दुसऱ्या वर्षी ताटाएवढी, तिसऱ्या वर्षी परातीएवढी. वाटी असेल तर ‘सावली आहे’ म्हणावं. ताट झालं की कॅलेंडर टांगावं. परातीसाठी लोखंडी कपाट सरकवावं. कपाटामागे हवा खेळत नाही, त्यामुळे बुरशीला हवा तसा एकांत मिळतो. आमच्याकडे हे तिन्ही उपाय रीतसर झाले. शेवटी कपाटातल्या शालूला कुबट वास आला, तेव्हा घरातून विचारणा झाली, “का जी, भिंत झाकली का लुगडी पुरली?”

पायरी 2 : रंग मारा. मिस्त्री छातीवर हात ठेवून सांगतो, “भाऊ, दोन हात मारून टाकतो, दहा वर्षं पाहायचं काम नाही.” दिवाळीला भिंत गुलाबी होते, संक्रांतीला पोपडे धरते. यात मिस्त्रीपेक्षा मिठाचा दोष जास्त. भिंतीतलं पाणी बाहेर येताना विटांतले नि गिलाव्यातले क्षार सोबत आणतं. पाणी उडून जातं, क्षारांचे खडे होतात आणि ते रंगाला आतून ढकलतात. हाच लोणा. त्यावर रंग मारणं म्हणजे उकळत्या भाताच्या गंजावर झाकण दाबून धरणं.

पायरी 3 : दोषी ठरवा. ओल नेहमी शेजाऱ्याकडूनच येते, हे गृहीत धरावं. पंचनामा करायचाच असेल तर प्लास्टिकचा एक चौकोनी तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावून एक-दोन दिवस ठेवावा. थेंब खोलीकडच्या बाजूला जमले तर दमट हवा दोषी. भिंतीकडच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येतंय. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पांढरी किनार दिसली तर जोत्यातून ओल चढतेय. बाथरूमच्या पाठच्या भिंतीवर डाग असेल तर पाइप तपासावा : घरातले सगळे नळ बंद करूनही पाण्याचं मीटर फिरत असेल तर गळती घरातच आहे. आमच्या चौकशीत शेजारी निर्दोष सुटले. तेव्हापासून त्यांच्याशी बोलायला विषय उरला नाही.

पायरी 4 : उन्हाळ्यात विसरा. ही पायरी खास विदर्भाची. मे महिन्यात इथली हवा अशी कोरडी होते की भिंत फुकटात वाळावी. पण ती वाळू देईल तो वैदर्भी कसला! आपण खिडकीला कूलर लावतो. टाकी भरायला पाइप सोडून झोपी जातो. पाणी वाहून जोत्यापाशी जिरतं. खाली काळी माती. ती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते, आणि तिच्यासोबत पायाही हलतो. भिंतीला भेग पडते. मृगाचा पहिला पाऊस त्या भेगेतून आत येतो आणि आपण म्हणतो, “यंदा पाऊस फारच झाला ब्वा.”

पायरी 5 : नाइलाज झाल्यास दुरुस्त करा. आधी पाणी घरापासून दूर न्या. भिंतीलगतच्या फरशीचा उतार बाहेरच्या बाजूला हवा. स्लॅबचं पाणी काढणारा पाइप आणि कूलरच्या टाकीची नळी जोत्यापाशी न सोडता नालीपर्यंत न्या. कवेलू असतील तर पावसाआधी फेरून घ्या. स्लॅब असेल तर भेगा बुजवा आणि त्यावर दिवसभर पाणी तुंबवून खालून गळतं का ते पाहा. फुगलेला गिलावा खरवडा, भिंत पूर्ण वाळू द्या, मगच नवा गिलावा करा. रंग सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला तर पुन्हा पायरी 2 वर यावं लागेल. तिथला मिस्त्री ओळखीचा झालेलाच असतो.

तेव्हा येत्या एप्रिलात, कूलर खिडकीला लागायच्या आत, कपाट एकदा सरकवा. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करा. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर गिलावा आतून सुटलाय. रंगाचा डबा उघडू नका, आधी पाणी कुठून येतं ते शोधा. कान लावून माल पारखणं भिवापूरकराला नव्याने शिकवावं लागत नाही. फक्त मिरचीला लावलेला कान एकदा भिंतीलाही लावा.