पादचाऱ्यांचा पोळा

पोळ्याच्या दिवशी बैलाचा थाट काय वर्णावा! अंघोळ, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, पुढ्यात पुरणपोळी. मानेवर जू नाही की अंगावर आसूड नाही. दुसऱ्या दिवशी उजाडलं की तोच बैल आणि तेच जू. वर्षभराची कृतज्ञता एका दिवसात उरकण्याची ही जुनी सोय पुणे महापालिकेने २०२१ पासून पादचाऱ्यांनाही उपलब्ध करून दिली आहे. ११ डिसेंबरला ‘पादचारी दिन’ असतो. लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक एवढा तुकडा त्या दिवशी वाहनांना बंद. पुणेकराने रस्त्याच्या मधोमध, मागे वळून न पाहता, खुशाल चालावं. असा दिवस पाळणारी देशातली पहिली महापालिका आपलीच, असं अभिमानाने सांगितलंही जातं.

चालणाऱ्यांसाठी या शहराने काहीच केलं नाही, असं म्हणणारे कृतघ्न आहेत. २०१६ मध्ये पादचारी धोरण झालं. २०१७ च्या डिसेंबरात सायकल आराखडा मंजूर झाला. त्यात ८०० किलोमीटरहून मोठं सायकल मार्गांचं जाळं आहे. या कागदांवरून कुणीही, कितीही वेळा, अगदी डोळे मिटून चालावं. केसालाही धक्का लागणार नाही. पंचाईत होते ती कागदावरून खाली पाय ठेवल्यावर.

खाली फुटपाथ आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगून ठेवलंय की, फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा असावी. आमच्याकडे फुटपाथ चढायला गुडघे चांगले लागतात आणि उतरायला नशीब. एका सोसायटीच्या गेटाशी तो संपतो, पुढे पुन्हा उगवतो, की लगेच दुसरं गेट. मधल्या पट्ट्यात विजेचा डीपी, वाढदिवसाचा फ्लेक्स, मोबाइल कव्हरवाला आणि एक पेव्हर ब्लॉक, जो उन्हाळाभर सज्जनासारखा पडून असतो आणि जुलैत पाय पडला की पँटच्या आतून गुडघ्यापर्यंत पाणी पोचवतो. टोकाला खांब रोवलेत. त्यांच्यामधून व्हीलचेअर जात नाही, स्कूटर मात्र सुतासारखी सरळ जाते. जाताना हॉर्नही वाजवते, कारण पुढे चालणारे लोक वाहतुकीला अडथळा करत असतात.

सायकलवाल्यांचं तर आणखी कौतुक झालं. बीआरटी, म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गिका, आली त्या वेळी सातारा रस्त्याला सायकल ट्रॅक मिळाला. तो गाड्या लावायला उपयोगी पडला, टपऱ्यांना उपयोगी पडला, राडारोडा टाकायलाही पडला. ‘सायकलींचं शहर’ हे बिरुद आम्ही अजून सोडलेलं नाही. पर्यावरण दिनाला सायकल रॅली निघतेच. बरेच जण आपली सायकल मोटारीच्या टपावर बांधून आणतात. रॅलीपर्यंत सायकलने यायचं म्हणजे जिवाशी खेळ.

या सुखात मिठाचा खडा टाकणारी काही मंडळी गावात आहेत. ‘परिसर’, ‘पेडेस्ट्रियन्स फर्स्ट’ अशा संस्था वर्षानुवर्षं निवेदनं देतात, आराखडे वाचतात (मंजूर करणाऱ्यांनीही इतके वाचले नसतील) आणि मागतात काय, तर कडेचा दगड चार बोटं खाली घ्या, सिग्नलचा हिरवा माणूस आजीबाई पलीकडे पोचेपर्यंत पेटता ठेवा. आता चार बोटं खाली घेतलेल्या दगडाची फीत कशी कापायची? कोनशिला कुठे लावायची? उड्डाणपुलाचं तसं नाही; तो मैलभरावरून दिसतो. म्हणून चालणाऱ्यासाठी करायचंच झालं, तर वर पादचारी पूल किंवा खाली भुयारी मार्ग. त्याने आकाशातून जावं, पाताळातून जावं. जमीन तेवढी मोटारींना सोडावी.

आमच्या चौकातले एक निवृत्त काका असेच टेप घेऊन फुटपाथवर वाकलेले दिसले. बाइकवर बसूनच एका तरुणाने विचारलं, “काका, काय मोजताय?”

“फुटपाथची रुंदी. तुझी गाडी उभी आहे ना, त्याची.”

“मोजा की! पुष्कळ रुंद आहे. दोन आरामात बसतात.”

काका चिडले नाहीत. त्यांनी त्याला सांगितलं की, २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर ३२,८२५ पादचारी मेले. सरकारचाच आकडा आहे. म्हणजे दिवसाला सुमारे नव्वद. तरुण हळहळला. “लोक बघून चालत नाहीत,” म्हणाला. आपल्याकडे गाडी कधी कुणाच्या अंगावर जात नाही. माणूसच ‘अचानक आडवा येतो’.

मग मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, अतिक्रमणमुक्त आणि अपंगांनाही वापरता येईल असा फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. काकांना वाटलं, जिंकलो. निकालाची प्रत, टेपने घेतलेली मापं, फोटो असा जाडजूड अर्ज घेऊन ते एका कार्यालयात गेले. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला, एकेक पान उलटून बघितलं. “अहो, शंभर टक्के बरोबर आहे तुमचं,” ते कळवळून म्हणाले. “फक्त जाताना जरा रस्त्यावरूनच जा. बाहेरच्या फुटपाथवर आमच्या स्टाफच्या गाड्या असतात.”