पसंतीक्रम पहिला

आपल्या राज्यात अकरावीच्या जागा मुलांपेक्षा जास्त आहेत, हे तुम्हाला ठाऊक होतं का? मला होतं. २०२५ साली दहावीला साडेचौदा लाखांच्या आसपास मुलं पास झाली आणि अकरावीच्या जागा होत्या वीस लाखांच्या वर. म्हणजे प्रत्येक मुलाला एकेक जागा देऊन वर दप्तर ठेवायलाही जागा उरली असती. निकाल लागला १३ मेला, आणि त्याच संध्याकाळपासून आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत जिन्यात भेटेल त्याला थांबवून मी हे गणित ऐकवत होतो. दूध टाकायला येणारा मुलगा शेवटी शेवटी पिशव्या खालीच ठेवून पळायला लागला. जागा ढिगानं आहेत, फक्त आपल्याला हव्या त्या कॉलेजात नाहीत, हा बारकावा मला लेकीने समजावला.

अडचण अशी की हवं असतं सगळ्यांना तेच. गावात पेंढरकर, मॉडेल, प्रगती आहेत, पलीकडे कल्याणला बिर्ला आहे, ठाण्यात उतरलात तर बांदोडकर, ज्ञानसाधना. पण डोंबिवलीकराची नजर मुलुंडच्या वझे-केळकरवर, नाहीतर थेट माटुंग्याच्या रुईया-रुपारेलवर. त्यात राज्याचा निकाल ९४.१० टक्के, शंभरपैकी शंभर टक्के मिळवणारी मुलंच २११! अल्पसंख्याक संस्थांत निम्म्या जागा त्यांच्या कोट्याच्या, शिवाय इनहाऊस, शिवाय मॅनेजमेंट. उरलेल्या जागांसाठी आपण सकाळच्या फास्ट लोकलला डोंबिवलीत उभे असतो तसे उभे: गाडी येते, थांबते, दारातली माणसं आपल्याकडे सहानुभूतीने बघतात आणि गाडी जाते.

लेकीला ८६ टक्के होते. आमच्या काळी एवढ्या मार्कांत पेपरात फोटो यायचा. मला स्वतःला दहावीत किती होते हे घरात कुणी विचारत नाही, कारण एकदा विचारलं होतं तेव्हा मी विषय बदलून आंब्यांवर गेलो होतो.

तर मी सूत्रं हाती घेतली. आमच्या वेळेला कॉलेज कॉलेज फिरून फॉर्म आणायचा, आणि काचेआड लागलेल्या यादीत पुढच्याच्या खांद्यावरून आपलं नाव शोधायचं. मुंबई-ठाण्याकडे हे सगळं २००९ पासून ऑनलाइन झालं आणि २०२५ ला ही पद्धत पहिल्यांदाच सगळ्या राज्यात गेली. मी एक्सेलमध्ये मागच्या वर्षीचे कटऑफ भरले, त्यांना लाल, पिवळा, हिरवा रंग दिला आणि त्या रंगांचा अर्थ एका कागदावर लिहून तो कागद हरवला. तरी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी ‘अकरावी : पालकांनी घ्यायची दक्षता’ अशी लेखमाला सुरू केलीच. तिसऱ्या भागात मी सगळ्यांना बजावलं होतं की दहापर्यंत पसंती देता येतात, पण पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद, मग थेट शेवटच्या सर्वांसाठी खुल्या फेरीची वाट बघायची. हा भाग जरा लक्षात ठेवा. मी ठेवला नाही.

२१ मेला संकेतस्थळ सुरू होणार होतं. मी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून बसलो, बटण दाबलं आणि पडद्यावर ते गोल चाक फिरायला लागलं. फिरतच राहिलं. मी घाबरून वायफायची पिन काढून पुन्हा लावली, लॅपटॉप उलटा करून हलवला, बायकोचा मिक्सर बंद करायला लावला. शेवटी हे आपल्याच हातून बिघडलं असं वाटून मी कुणाला न सांगता भाजी आणायला निघून गेलो. संध्याकाळी बातम्यांत कळलं की सगळ्या राज्यात तेच चाललंय आणि नोंदणी आता २६ मेपासून होणार. हायसं वाटून मी इतका हसलो की बायकोने टीव्ही बंद केला.

नोंदणी लेकीनेच केली. शंभर रुपये शुल्क तिने भरलं, भाग एक तिने भरला, भाग दोनमध्ये दहा कॉलेजं तिने विचार करून लावली आणि फॉर्म लॉक करायचं उद्यावर ठेवून ती झोपली. पासवर्ड गॅस नंबरच्या वहीत होता. आता सांगा, घरात फॉर्म उघडा आहे, शेवटची तारीख उद्यावर आली आहे आणि बाप जागा आहे, तर बाप काय करणार? मला तिची यादी फार धाडसी वाटली. पहिलंच नाव मुलुंडचं! मी ठरवलं, हातचं सोडायचं नाही, पहिलं नाव खात्रीचं हवं. घरापासून चालत पाच मिनिटांवर एका थोर पुरुषाच्या नावाचं कॉलेज आहे, कटऑफ माझ्या एक्सेलमध्ये हिरवा. ते नाव शोधलं. यादीत त्याच थोर पुरुषाच्या नावाची कॉलेजं रांगेने आली, कारण राज्यभर तालुक्या-तालुक्याने त्यांच्यावर प्रेम केलेलं. नाव, शाखा, माध्यम, अनुदानित, विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित, आणि प्रत्येकापुढे एक लांबलचक कोड. चष्मा फ्रिजवर होता. आणायला उठलो असतो तर लेक जागी झाली असती. मी जिल्हा ठाणे एवढं वाचलं आणि फॉर्म लॉक करून टाकला.

जून संपता संपता यादी लागली. मोबाइलवर पहिली पसंती मिळाल्याचा संदेश! लेक गोंधळून माझ्याकडे बघायला लागली, आणि तो आनंदाचा धक्का आहे असं समजून मी खाली जाऊन पेढे आणले. मजल्यामजल्यावर वाटले. “पहिल्या फेरीत, पहिली पसंती,” असं प्रत्येक दारात म्हणून झालं. त्याच वेळी घरात बेडरूमच्या पंख्याचा कपॅसिटर बदलायला इलेक्ट्रिशियन आला होता. शिडीवर उभ्या उभ्या त्याने टेस्टर खिशाला लावला, पेढा तोंडात टाकला आणि मी पुढे धरलेला मोबाइल जवळ घेऊन शेवटपर्यंत वाचला. कुणीतरी तो शेवटपर्यंत वाचायची ही पहिलीच वेळ.

“काका, हे तर मुरबाड तालुक्यातलं. आमच्या गावाच्या पुढं.”

“गाडी कुठली मिळते?” मी विचारलं.

“मुरबाडला रेल्वेच नाय काका. कल्याणवरून एसटी. मग पुढं बघायचं.”

पेढे वाटून झाले होते.

त्या रात्री घरात परिषद भरली. मला बोलायची परवानगी नव्हती, चहा करायची होती. मेव्हणा म्हणाला, त्यात काय, मी सतरा नंबरच्या फॉर्मवर घरी अभ्यास करून बारावी केली, अडलं का कुठे? तो आज बँकेत शाखाधिकारी आहे आणि ही गोष्ट त्याच्या लग्नात आमच्यापासून लपवली होती. बायकोच्या मावशीने फोनवर नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं नाव काढलं. संसार सांभाळून तिने तिथून पदवी घेतली होती, हेही मला त्या दिवशीच कळलं. कुणी मुक्त शाळेच्या एनआयओएसचं सांगितलं. आणि इलेक्ट्रिशियन? तो अंबरनाथच्या आयटीआयचा. दोन वर्षांचा कोर्स, मग अंबरनाथच्याच एका कारखान्यात अप्रेंटिस, मग स्वतःचा धंदा. आयटीआयनंतर भाषेचे पेपर देऊन बारावीची समकक्षताही मिळते, हे त्याने पंखा फिरवून बघताना सांगितलं. त्या दहा मिनिटांचे त्याने चारशे घेतले. माझ्या एका तासाच्या पगाराशी मी तो आकडा ताडून पाहिला आणि ताडायचं थांबवलं.

म्हणजे बाहेरून आत शिरायचे इतके दरवाजे आमच्याच नातेवाइकांत उघडे पडलेले, आणि मी एक्सेलला रंग देत बसलेलो. लग्नाकार्यात ही माणसं माझ्या शेजारी बसून जेवली होती. मी त्यांना जागांचं गणित ऐकवत होतो.

लेक इतका वेळ गप्प होती. मग तिने शांतपणे लॅपटॉप माझ्यापासून लांब ओढला आणि सांगितलं की तिने मे महिन्यातच पॉलिटेक्निकचा अर्ज वेगळा भरून ठेवला आहे. तिला इलेक्ट्रॉनिक्स करायचं होतं. तीन वर्षांचा डिप्लोमा, त्यानंतर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. बारावीही नको आणि सीईटीही नको. “मग अकरावीचा फॉर्म कशाला भरलास?” मी विचारलं. “तुम्ही एक्सेल केली होती ना,” ती म्हणाली.

पॉलिटेक्निकच्या फेरीत तिने कॉलेजांचा क्रम लावला तेव्हा मला तासभर दळणाला पाठवलं होतं. गिरणी बंद होती, तरी पाठवलं होतं. जवळच्याच तंत्रनिकेतनात तिचं नाव लागलं. या वेळी पेढे बायकोने आणले आणि वाटायच्या आधी पत्ता तिघांनी वाचला.

परवा दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या होत्या. त्यांचा नातू यंदा दहावीला. मी लगबगीने उठलो, जुनी एक्सेल उघडली, रंगांचा अर्थ आठवायला लागलो. काकूंनी मला हातानेच थांबवलं आणि वही-पेन पुढे ठेवलं.

“मार्गदर्शन नको हो भावजी. तुम्ही कसकसं केलंत ते सगळं क्रमाने लिहून द्या. म्हणजे तेवढं आम्ही करणार नाही.”

दोन पानं झाली आहेत. मी अजून २१ मेवरच आहे.