धागा पक्का, गाठ बघा

आपल्याला गाठ मारता येत नाही, असं कबूल करणारा माणूस बऱ्हाणपुरात सापडणं कठीण. गावच विणकरांचं. सतराव्या शतकात तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या इथून गेला, तेव्हा इथलं झिरझिरीत कापड इराण, तुर्कस्तान आणि थेट पोलंडपर्यंत जातं असं त्याने लिहून ठेवलं. आता पॉवरलूम खडखडतात. पण धागा तुटला की तो जोडणारी बोटं अजून माणसाचीच, आणि त्यांचा वेग असा की बघणाऱ्याला फक्त गाठ दिसते, मारणं दिसत नाही.

अशा गावातल्या, गळाने मासे धरणाऱ्या एका हौशी काकांनी गळाचं नेहमीचं तंगूस सोडून ब्रेडेड दोरी आणली आणि मोहल्ल्याची शांतता गेली.

डबीवर ठळक अक्षरांत ‘पीई’ छापलेलं होतं. काकांनी त्याचा अर्थ ‘परदेशी एक्स्ट्रा’ असा लावला. खरं तर ते पॉलिइथिलीन. कॅरीबॅगच्या घराण्यातलंच प्लास्टिक, फक्त त्याचे रेणू फार लांब आणि एका दिशेने ओढून बसवलेले. त्याचे चार किंवा आठ पदर गोफासारखे गुंफले की दोरी तयार. तेवढ्याच जाडीचं तंगूस जिथे तुटतं, तिथे ही हसत उभी राहते. ताणली तरी लांबत नाही, म्हणून माशाने आमिषाला तोंड लावल्याचं बोटाला लगेच कळतं. गैरसोय एकच. ती भलतीच गुळगुळीत. ती कशालाही धरून राहत नाही, स्वतःलासुद्धा नाही.

शेजारच्या मागवाल्या भाऊंनी अर्थातच विणकराची गाठ सुचवली. बिनतोड सल्ला. तिची बांधणी आणि भोई लोक जाळं विणताना मारतात त्या गाठीची बांधणी एकच, म्हणजे बऱ्हाणपूरचा माग आणि तापीचं जाळं एकाच गाठीवर उभं आहे. क्लिफर्ड अ‍ॅश्ले या अमेरिकन गृहस्थाने 1944 साली गाठींचा जो महाग्रंथ छापला, त्यातल्या 3,800हून अधिक नोंदींत पहिला क्रमांक याच बांधणीला आहे. सुताला ती पकडते, कारण सुताला तंतूंची लव असते. या दोरीला लव कुठली? भाऊंनी गळाचं नेढं धरून दोन बोटांत गाठ घातली, काकांनी कौतुकाने हलकासा ताण दिला, आणि गळ एकीकडे, दोरी दुसरीकडे.

मग तंगुसाची नेहमीची गाठ आली. टोक नेढ्यातून घ्यायचं, मूळ दोरीभोवती पाच वेढे द्यायचे आणि खालच्या फाशातून परत ओवायचं. ती घरी टिकली आणि नदीवर सुटली. काकांच्या म्हणण्याप्रमाणे तो महसीर होता. निसटलेला मासा बऱ्हाणपुरात नेहमी महसीरच असतो, आणि 2011 साली मध्य प्रदेशने त्याला राज्यमासा केल्यापासून त्याच्या निसटण्यालाही सरकारी वजन आलं आहे.

“दोरीच बोगस,” काका म्हणाले.

पुतण्याने टोक उजेडात धरलं. “काका, पिंजलेलं असतं तर दोरी तुटली म्हटलं असतं. हे साबूत आहे. गाठ सरकली.”

वादाला वेळ भरपूर मिळाला, कारण मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट माशांच्या विणीचा काळ म्हणून नदीतल्या मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत हौशी माणूस गळ फाटकाच्या कडीला अडकवतो, दोरीला लटकता काटा लावतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आकडे वाचून दाखवतो.

यात जी गाठ जिंकायला हवी होती ती पालोमार. दोरी दुमडून नेढ्यातून काढायची, त्या दुहेरी दोरीची सैल साधी गाठ मारायची, राहिलेल्या फाशातून अख्खा गळ काढून घ्यायचा, थुंकी लावायची आणि सावकाश आवळायचं. थुंकी लावायला लाजू नये: पॉलिइथिलीन साधारण 150 अंशांच्या आसपासच वितळतं, आणि कोरडी गाठ खसकन ओढली की घासून दोरी तापते, दुबळी होते. नेढ्यावर भार दोन पदरांनी पेलला जातो, म्हणून निसटायला वाव कमी. अंधारात, ओल्या हातांनीसुद्धा ती जमते. एवढे गुण असूनही मोहल्ल्याने तिला नाकं मुरडली. पायजम्याच्या नाडीइतकी सोपी गाठ. मारणाऱ्याचं कसब दिसणार कुठे? माणसं आठ वेढ्यांची युनी गाठ मारतात ती बघणाऱ्यांसाठी, असा पुतण्याला दाट संशय आहे. युनी वाईट नाही, वेढे वाढवले तर चांगलीच धरते. पण सोपं सोडून अवघड धरायला काही कारण लागतं.

तसं कारण स्वस्त गळ पुरवतात. त्यांना नेढं नसतंच, डोकं नुसतं चपटं ठोकलेलं असतं. तिथे पालोमारचा काही इलाज चालत नाही. दांडीवरच ओळीने वेढे गुंडाळून बांधावं लागतं. या गळांपुढे मागवाले भाऊ पुन्हा फॉर्मात आले.

काकांनी शेवटी पालोमार मारली, तर एक दिवस गाठ शाबूत आणि तरीही रील फिरवून दोरी येईना. काका म्हणाले, मासा तळाला बसलाय. प्रत्यक्षात दोरीचं अख्खं भेंडोळंच रिळावर गरगर फिरत होतं. गुळगुळीत ती तिथेही गुळगुळीतच. आत आधी थोडं तंगूस गुंडाळावं लागतं किंवा चिकटपट्टी लावावी लागते.

शेवटचा प्रश्न उरलेलं टोक कापण्याचा. दातांनी ही दोरी तुटत नाही, नेलकटर तिला नुसतं चावतं. धारदार कात्री लागते, आणि घरात तशी एकच असते. ती तीनदा नदीकाठच्या पिशवीत सापडल्यावर काकूंनी तिच्या कडीत सुतळी ओवून ती शिलाई मशीनच्या पायाला बांधून टाकली. काका अजून त्या गाठीशी झगडताहेत.