आवाजांचे दफ्तर

सेवानिवृत्त मनुष्याला आपण काही उपयुक्त कार्यात गढलेलो आहोत असा देखावा घरात अहोरात्र राखावा लागतो, आणि याच निकडीतून वडिलोपार्जित तबकड्या व कॅसेटी संगणकात दाखल करून घेण्याचे काम मी गेल्या पावसाळ्यात शिरावर घेतले. जंगम मिळकतीचा तपशील असा : 78 फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या 31, लाँग प्ले 14, आणि कॅसेटी एक ट्रंकभर. जे यंत्र दर सेकंदाला 44,100 वेळा ध्वनीची मोजदाद करते, ते एवढे दफ्तर दोन दुपारींत निकालात काढील, असा माझा भाबडा अदमास होता. परंतु नव्वद मिनिटांची कॅसेट नव्वद मिनिटेच घेते. तिची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर अशा खास सरकारी गतीने सरकत राहते, आणि तो शीघ्रगणिती संगणक मामलेदार कचेरीच्या ओसरीवरील पक्षकारासारखा तिच्या शेजारी मुकाट तिष्ठत बसतो.

पहिली लाँग प्ले लावली, तेव्हा गवयाचा आवाज डब्यात कोंडलेल्या डासासारखा आला. चौकशीअंती कळले की, खर्जाच्या लहरींना रुंद खोबणी लागते म्हणून तबकडी कोरतानाच खर्ज दाबतात व तारस्वर चढवून ठेवतात, आणि वाजवताना हा जमाखर्च उलटा फिरवण्यासाठी फोनो प्रीअँप नावाची डबी मध्ये बसवावी लागते. दुकानदाराने त्या डबीची जी किंमत सांगितली, ती ऐकून माझाच आवाज खर्जात गेला. पुढे लाखेच्या तबकड्यांना जाडसर सुई निराळी लागते हेही त्यानेच, अत्यंत सहानुभूतीने, सांगितले.

प्रत्येक फाइलीस नाव देणे हे तर स्वतंत्र संकट. वडिलांच्या हस्ताक्षरात एका कॅसेटीवर ‘उत्तम’, दुसऱ्या कॅसेटीवर ‘अति उत्तम’ आणि तिसऱ्या कॅसेटीवर ‘पुसू नये’ एवढीच नोंद. 1902 साली कलकत्त्यात तबकडीसाठी गायलेल्या गौहर जान गाणे संपताच स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारीत, त्यातली दूरदृष्टी मला शंभरावर वर्षांनी पटली.

एके दिवशी बालगंधर्वांच्या सहा तबकड्या, सोवळ्यात पूजा आटोपावी तशा, एकाग्रतेने आटोपल्यावर ध्यानात आले की तार जोडलेली असूनही संगणकाने तिच्याकडे साफ दुर्लक्ष केले होते व स्वतःच्या पोटातील मायक्रोफोनने खोलीतला सारा व्यवहार टिपून घेतला होता. पदाच्या ऐन तानेत कुकरच्या तीन शिट्ट्या, भंगारवाल्याची आरोळी आणि आमच्या कुटुंबाचे काही अभिप्राय. पुसून टाकण्याआधी ‘पुसू नये’ची कॅसेट तरी उरकावी म्हणून ती लावली, तो काय! वडिलांनी ट्रान्झिस्टरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून मुंबई केंद्रावरचे नाट्यसंगीत टिपले होते, आणि त्यात आमचे जुने घर सहकुटुंब शिरले होते.

गोंगाट काढून टाकण्याची सोय संगणकात आहे. मात्र निखळ गोंगाट कोणता, याचा दोन सेकंदांचा नमुना त्याला आधी पुराव्यादाखल द्यावा लागतो. मी त्या कॅसेटीतील गाण्यापूर्वीची, केवळ छताच्या पंख्याची घरघर असलेली दोन सेकंदे हजर केली. संगणकाने पंखा हद्दपार केला खरा, पण त्या झटापटीत बुवा विहिरीत पडले आणि तळाशी बसून गाऊ लागले. अखेर तो हुकूम मागे घेऊन मी मूळ फीत पुन्हा ऐकली. अंतऱ्यावर आईचा आवाज आला, “अहो, दूध उतू चाललंय!” आणि त्यावर वडिलांचे दबलेले, पण संतप्त फर्मान : “हळू! रेकॉर्डिंग चालू आहे!”

मग माझी रद्दबातल फाइल पुसण्यासाठी उघडली. तानेच्या मध्यावर सौभाग्यवतींचे शब्द उमटले, “भाजी कुठली आणायची, तिसऱ्यांदा विचारतेय मी.” लगोलग कुणी पुरुष तस्सेच गुरगुरला, “हळू! रेकॉर्डिंग चालू आहे!”

सौभाग्यवती हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा करीत हळुवारपणे म्हणाल्या, “मामंजींचा आवाज ना हो हा?”

मी निमूटपणे ती फाइल वडिलांच्या नावावर चढवली.