भाव आणि भावकी

उंब्रजमध्ये गुंठ्याचा भाव ठाऊक नसलेला माणूस शोधायचा झाला, तर तो बहुधा पाळण्यात सापडेल. बाकी सगळ्यांना भाव पाठ असतो. हायवेला लागून असलेला गुंठा वेगळा, मसूरच्या रस्त्याचा वेगळा, चाफळच्या बाजूचा वेगळा. तारळी जिथं कृष्णेला मिळते त्या अंगाचा तर अगदीच वेगळा, कारण त्याला उन्हाळ्यात एक भाव असतो आणि श्रावणात पाणी चढलं की दुसरा. गंमत अशी की भाव सांगणाऱ्याला काही विकायचं नसतं आणि ऐकणाऱ्याला काही घ्यायचं नसतं. कुणाच्या तरी व्यवहाराचा आकडा स्टँडजवळच्या चहाच्या गाड्यावर फुटतो, गावात शिरेपर्यंत त्यात दोन लाख वाढतात आणि रात्री जेवताना घरोघरी त्या आकड्यानं आपापल्या रानाला गुणलं जातं. त्या रात्री अख्खं गाव कोट्यधीश होऊन झोपतं. सकाळी उठून डेअरीत दुधाला फॅट किती लागली ते बघायला जातं.

एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, 1089 चौरस फूट. असे चाळीस गुंठे मिळून एकर होतो. पण हल्ली एकर हा शब्द फक्त ऊस आणि भांडण यांच्यासाठी शिल्लक आहे. बाकी हिशेब गुंठ्यात. पुणे-बेंगळुरू महामार्गानं साताऱ्याकडून येताना उंब्रजच्या अलीकडे-पलीकडे हे नीट दिसतं. काल जिथं ऊस होता तिथं आज एक कमान उभी आहे. कमानीला भिंत नाही, आत रस्ता नाही, रस्त्याच्या कडेला घर नाही. पण कमान आहे आणि तिच्यापुढं पांढरा रंग दिलेले, नंबर घातलेले दगड आहेत. कमानीवरच्या नावात एक नदी किंवा देवी आणि एक इंग्रजी शब्द असलाच पाहिजे, असा बहुधा शासननिर्णय असावा. खाली ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ असं लिहिलेलं असतं. निसर्ग कालच जेसीबीनं काढून टाकलेला असतो.

या जाहिरातींतली मिनिटं हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. ‘कराड 15 मिनिटांवर’, ‘सातारा अर्ध्या तासावर’, ‘पुणे दोन तासांवर’. ही मिनिटं कुणीतरी पहाटे तीन वाजता मोजलेली असणार, आणि तीही तासवडेच्या टोलनाक्यावर कुणी ‘आम्ही लोकल हाय’ म्हणून वाद घालत उभं नसताना. शिवाय आता सातारा ते कागल महामार्ग सहापदरी करायचं काम चाललं आहे. उंब्रजला मातीच्या भरावाचा पूल नको, खांबांवरचा पाहिजे, अशी मागणी लोकांनी केली, आणि मागणी रास्तच होती. भराव घातला की गावाचे दोन तुकडे पडतात, इकडचा माणूस तिकडच्या दुकानाला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या दुकानाच्या गाळ्याला भाव कोण देणार? एखाद्या पुलाचा आराखडा एका रात्रीत कुणाचा गाळा सोन्याचा करतो आणि कुणाच्या गाळ्याचं गोदाम करतो. ज्योतिषाकडं जाण्याऐवजी लोक हायवेच्या इंजिनिअरकडं जातात ते उगीच नाही.

तसा उंब्रजच्या जमिनीचा लौकिक जुना आहे. समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक इथला. समर्थ चाफळहून कृष्णेच्या स्नानाला इथं येत, पुढं त्यांना इथं काही जमीन इनाम मिळाली आणि तिथं त्यांनी मठ आणि मारुती उभा केला, असं सांगतात. मूर्ती चुना, वाळू आणि ताग यांची. म्हणजे चाफळपासून नदीपर्यंत रोज पायपीट करणाऱ्या माणसाला शेवटी नदीकाठी जागा घ्यावीशी वाटली, हे अगदी आजच्या गिऱ्हाइकासारखंच झालं. फरक एवढाच की त्यांना मुद्रांक शुल्क लागलं नाही आणि बांधकामाच्या साहित्याबद्दल आजतागायत कुणाची तक्रार आलेली नाही.

आमच्या काळातल्या जमिनीमागं मात्र कायदा आहे. तुकडेबंदीचा कायदा 1947 सालचा. शेतीचे इतके बारीक तुकडे करू नका की नांगर वळवायला जागा राहू नये, एवढंच त्याचं म्हणणं. 2023 साली सरकारनं मर्यादा खाली आणली: बागायत दहा गुंठे आणि जिरायत वीस गुंठे. पण पगारदार माणसाला घरापुरता गुंठा-दीड गुंठा हवा असतो. मग गावोगाव लोकांनी यावर तोडगा काढला. कुठल्या तरी ऑफिसातले, एकमेकांना नुसते तोंडओळखीचे आठ-दहा जण मिळून दहा गुंठे एकाच खरेदीखतानं घ्यायचे. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं सामायिक. आपापसात चुन्याच्या रेघा मारून ज्यानं त्यानं आपला भाग धरायचा. पहिली दोन वर्षं सगळे एकमेकांच्या वास्तुशांतीला जातात. तिसऱ्या वर्षी एकाला कर्ज हवं असतं, बँक म्हणते सगळ्यांच्या सह्या आणा, आणि सातव्या नावाची सही देणारा माणूस म्हणतो, आधी माझ्या अंगणातला तुमचा पाइप काढा. रक्ताचं नातं नाही, आडनाव एक नाही, जातही एक नाही, आणि तरी हे आठ-दहा जण एकमेकांशी बोलत नाहीत. कायद्यानं तुकडे थांबवले, पण नवी भावकी तयार केली.

खरी भावकी गावठाणात असते. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर आठवर त्याची नोंद. आता स्वामित्व योजनेत गावोगाव ड्रोन उडवून गावठाणं मोजली गेली, मिळकतीच्या सनदा निघू लागल्या. ड्रोन चांगलं यंत्र आहे. त्याला वरून एक छप्पर दिसतं. त्या छपराखाली चार चुली आहेत, दोन भाऊ बोलत नाहीत आणि मधल्या खोलीचा कडी-कोयंडा कुणी बसवायचा यावर थोरल्या जावेनं पाच वर्षं धाकटीच्या हातचं जेवण घेतलेलं नाही, हे त्याच्या कॅमेऱ्यात येत नाही.

आणि या गावठाणाभोवती, वाड्यावस्त्यांतून, मुंबईकरांची घरं. या भागातल्या, विशेषतः पाटण खोऱ्यातल्या माणसानं मुंबईत गिरणी चालवली आणि गोदीत-बाजारात ओझी वाहिली. माथाडी कामगारांचा 1969 सालचा कायदा ज्यांच्या लढ्यातून झाला ते अण्णासाहेब पाटील याच पाटण तालुक्यातले. 1982 च्या संपानं गिरण्यांचा भोंगा जवळजवळ बंद पाडला. बाजार वाशीला गेला तशी माणसं कोपरखैरणे, घणसोलीला गेली. तिथं दहा बाय बाराच्या खोलीत सहा जण राहिले आणि इथं गावाला दोन मजली, पुढं गॅलरी, वर पाण्याची टाकी, टाकीला फुटबॉलचा किंवा विमानाचा आकार, असं घर बांधलं. संडास इंग्रजी पद्धतीचा, कारण गुडघे मुंबईत गेले. या घराला वर्षातून आठ-दहा दिवस माणूस लागतो. गणपती, एखादं लग्न, आणि पौषातली पालीची यात्रा.

पाली उंब्रजपासून जवळच, तारळीच्या काठावर. पौषात तिथं खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं आणि भंडाऱ्यानं माणसं, रस्ते, बैल, एसटीच्या काचा सगळं पिवळं होतं. दुसरं घर ठेवण्याची पद्धत कुणी काढली याचं उत्तर मला तिथंच मिळतं. जेजुरीला देवाचं एवढं मोठं बिऱ्हाड असताना पालीला घर आहेच, नळदुर्गला आहे, मैलारला आहे. जेजुरीतही म्हाळसा गडावर आणि बाणाई निम्म्या वाटेवर. म्हणजे एकाच गावात दोन मिळकती. देवच असा, तर भक्तानं कामोठ्याला एक खोली आणि गावाला एक बंगला ठेवला तर नावं कुणी ठेवायची?

जे गावातच राहतात त्यांची घरं हप्त्याहप्त्यानं वाढतात. उसाचं पहिलं बिल आलं की स्लॅब. पुढच्या हंगामात गिलावा. त्याच्या पुढच्या हंगामात फरशी, पण कारखान्यानं वेळेवर पैसे दिले तर. 1967 च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला तेव्हा या मुलखातली दगड-मातीची कितीतरी घरं बसली. तेव्हापासून जुन्या माणसांचा विश्वास सळईवर आहे. म्हणून स्लॅबच्या वर सळया तशाच उभ्या सोडलेल्या असतात, गंजू नयेत म्हणून त्यांच्या टोकांवर रिकाम्या बाटल्या उलट्या घातलेल्या. वरचा मजला धाकट्याचा. धाकटा आता नऱ्ह्याला टू बीएचके घेऊन राहिला आहे आणि सळया अजून त्याची वाट बघतात. सातारा रस्त्यानं पुण्यात शिरणारा आमचा माणूस फार आत जात नाही, हेही मी पाहून ठेवलं आहे. कात्रजचा बोगदा संपला की लगेच आंबेगाव, नऱ्हे, धनकवडी. जिथं गाडीतून उतरला तिथंच घर घेतलं. न जाणो, परत फिरायला लागलं तर गाडी पटकन मिळावी.

पुण्यातला फ्लॅट घेण्याचं खरं कारण मात्र लग्न. मुलीचे वडील विचारतात, शेती किती? पाच एकर बागायत सांगितलं की मान हलते. पुण्यात फ्लॅट आहे का? आहे म्हटलं की दुसऱ्यांदा हलते. मग हळूच, मुलगा शेती तर करत नाही ना? म्हणजे पाच एकर रान पाहिजे, पण त्यात जावई दिसता कामा नये. त्यामुळं कित्येक फ्लॅट राहायला नाही, दाखवायला घेतलेले असतात. महारेराचा नंबर जाहिरातीत असतो तो आम्ही बायोडेटात घालायचा तेवढा बाकी ठेवला आहे.

घर घेणं असं उघड, वाजतगाजत. विकणं मात्र चोरीच्या मामल्यासारखं. उंब्रज-मसूर पट्ट्यात प्लॉटची पाटी शंभर ठिकाणी दिसेल, पण गावठाणातल्या राहत्या घरावर ‘विकणे आहे’ अशी पाटी लावायची कुणाची छाती नाही. पाटी लागली की दुसऱ्या दिवशी कर्ज किती झालं याची चर्चा, तिसऱ्या दिवशी पोराच्या व्यसनाची, आणि चौथ्या दिवशी वर्षानुवर्षं न आलेला चुलत भाऊ दारात उभा. “दादा, विकायचंच हाय तर आम्हाला सांगायचं हुतं.” सांगितलं तर तो भाव बाजाराच्या निम्मा देणार आणि तोही तीन हप्त्यांत. म्हणून घर विकलं जातं ते कुजबुजीत. “तुमच्या बघण्यात कोण असलं तर बघा.” एवढंच म्हणायचं. समोरच्यानंही काय, कुठलं, असं विचारायचं नाही. त्यानं ते बघितलेलंच असतं.

आमच्या आळीतल्या अण्णांनी असंच आपलं पाच खणांचं घर विकायला काढलं. भाव ठरला, विसार झाला, आणि वकिलांनी विचारलं, बहिणी किती? वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचाही मुलाइतकाच हिस्सा. अण्णांना तीन बहिणी. त्या दिवाळीत तिघींना भाऊबीजेला अशा साड्या गेल्या की गावानं ओळखलं, काहीतरी कागद आहे. दोघींनी सह्या दिल्या. तिसरी, सगळ्यांची आक्का, मसूरला दिलेली, ती सही द्यायला आली आणि थेट परड्यात गेली. तिथं एक रायवळ आंबा आहे. वडिलांनी तिच्या बारशाच्या वर्षी लावलेला.

“पैसा नको मला,” आक्का म्हणाली. “आंबा माझा.”

अण्णा म्हणाले, “आक्का, आंबा काय उचलून न्यायचा हाय का? जागेबरोबर झाड जातं.”

“मग सही न्हाय.”

वकिलांनी सांगितलं, दरसालच्या आंब्यांचा हक्क खरेदीखतात लिहिता येईल, पण उद्या घेणाऱ्यालाच त्याची कटकट होईल. घेणारा घणसोलीचा, मूळ पाटणकडचा. त्याला फोन लावला, स्पीकर चालू केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आक्कांना सांगा, आंबा काय, खालचा पाचोळासुद्धा त्यांचा. मी येतो पौषात, यात्रेला. मे महिन्यात मला सुट्टी मिळत न्हाय.”

आक्का थोडा वेळ बोलली नाही. मग फोनकडं तोंड करून विचारलं, “म्हंजी बाकीचं सालभर घर बंदच ठेवणार व्हय?”

“बंदच की, आक्का.”

तिनं पदरानं हात पुसले, पेन घेतलं, सही कुठं करायची ते विचारलं आणि अण्णांना म्हणाली, “मग त्याला म्हणावं, किल्ली माझ्याकडं राहील.”