लायसनला उणे मार्क

२०१९ साली सरकारनं ट्रक ड्रायव्हरसाठीची आठवी पासची अट काढली. तेव्हा करमाळा तालुक्यातल्या आमच्या केमच्या स्टेशन रोडवरच्या मंडळींना वाटलं, मार्कांची कटकट कायमची मिटली. कसली मिटते! आता दिल्लीचे मास्तर लायसनवर उणे गुण मांडायचं म्हणतायत. चूक केली की गुण, ठरावीक गुण साठले की लायसन निलंबित. जर्मनीत आठ गुणांना लायसन जातं, इंग्लंडात तीन वर्षांत बारा झाले की जातं. तिकडं चालतं, मग करमाळा तालुक्यानं काय घोडं मारलंय?

काही नाही. फक्त पेपर कोण लिहितो आणि नापास कोण होतो, एवढं बघा.

रात्री केळीची गाडी भरते. काट्यावर वजन जास्त दिसतं. व्यापारी म्हणतो, "अरे, केळी वाटेत सुकतात, वजन उतरतं." निघताना दुसरा श्लोक : "पहाटे चारच्या आत वाशी मार्केटला लागली नाही तर भाडं कापीन." मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर २०२४ पासून कॅमेरे बसलेत, जड वाहनाला ताशी ८० ची मर्यादा. कॅमेऱ्याला नंबरप्लेट दिसते, चारची वेळ दिसत नाही. चलनाचा मेसेज मालकाच्या मोबाईलवर, पैसे ड्रायव्हरच्या पगारातून, आणि आता गुणही त्याच्याच लायसनवर. कामाची वाटणी इतकी चोख आमच्या ग्रामपंचायतीतसुद्धा नाही.

लायसन निलंबित करायला गुणांची वाट कशाला बघायची, हा प्रश्न वेगळाच. जादा माल, जादा वेग, कानाला मोबाईल यांसाठी लायसन किमान तीन महिने निलंबित करा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ते सुरक्षा समितीनं २०१५ सालीच सांगून ठेवलंय.

शिवाय लायसन एकच, त्यावरच ट्रक आणि त्यावरच मोटारसायकल. सुट्टीला आलेला ड्रायव्हर हेल्मेट न घालता गावातल्या उत्तरेश्वराच्या दर्शनाला गेला तर गुण त्याच कार्डावर. पुण्य देवाच्या वहीत, पाप आरटीओच्या. कारवाल्या साहेबांचं लायसन गेलं तर साहेब ड्रायव्हर ठेवतात. ड्रायव्हरचं गेलं तर तो घरी बसतो, आणि मालक दुसऱ्या दिवशी दुसरा ड्रायव्हर शोधतो. गाडी थांबत नाही, वजनही कमी होत नाही.

दारू पिऊन स्टेअरिंगला बसणाऱ्याचं लायसन जरूर काढा, त्याला आमची हरकत नाही. पण साहेब, मोटार वाहन कायद्याचं १९४ वं कलम एकदा नीट वाचा. जादा वजनाला २० हजार आणि वर दर जादा टनाला २ हजार दंड सांगताना त्यात गाडी चालवणारा आहे, तसा चालवायला लावणाराही आहे. गुणांची वही उघडणारच असाल, तर पहिलं पान त्याच्या नावानं काढा.