जाणीव, कव्हर्ड पार्किंगसह

ठाणे जिल्ह्यात मानपाडे दोन. एक ठाण्यात, घोडबंदर रोडवर. दुसरा डोंबिवली पूर्वेला, कल्याण-शिळ रस्त्याच्या बाजूला. कुरिअरवाला पिनकोड न बघता निघाला की पार्सल भलत्याच मानपाड्यात पोहोचतं, आणि तेवढ्यापुरती दोघांना एकमेकांची आठवण होते. इकडच्याच्या पाठीशी येऊरचा डोंगर, तिकडच्याच्या पाठीशी एमआयडीसी. इकडे गॅलरीतून जंगल दिसतं म्हणून चौरस फुटामागे जास्तीचे मोजावे लागतात. तिकडे डोंबिवलीकरांना 2014 मध्ये हिरवा पाऊस आणि 2020 मध्ये गुलाबी रस्ता असे दोन्ही चमत्कार फुकटात बघायला मिळाले. एवढा फरक सोडला तर पैशाच्या बाबतीत दोन्ही मानपाडे सख्खे भाऊ शोभतील.

सध्या इकडच्या मानपाड्यात सजग जगण्याची साथ आहे. ती आमच्या क्लबहाऊसमध्ये सुरू झाली. निमित्त, पैशाशी आपलं नातं कसं असावं यावरची रविवारची कार्यशाळा. फी अडीच हजार, जोडप्याला चार. ज्येष्ठांना सवलत नाही, कारण सोसायटीत पैसा ज्येष्ठांकडेच आहे हे आयोजकांनी आधीच हेरलं होतं. मार्गदर्शक सुती झब्बा घालून आले. झब्ब्याला इस्त्री नव्हती. असे बिनइस्त्रीचे झब्बे केवढ्याला मिळतात हे ज्यांना ठाऊक होतं त्यांच्या मनात लगेच आदर दाटून आला. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि 'माझ्याकडे पुरेसं आहे' असं मनाशी म्हणायला सांगितलं. मिटल्या डोळ्यांनी ते म्हणणं कोणालाच जड गेलं नाही. डोळे उघडल्यावर समोरच्या टॉवरमधला चार बीएचके दिसतो, अडचण तिथे आहे.

समाजात विषमता आहे याची रोज पाच मिनिटं जाणीव ठेवावी, असंही त्यांनी सांगितलं. पाचच का, असं पहिल्या रांगेतून कोणीतरी विचारलं. त्याहून जास्त ठेवली तर झोपेवर परिणाम होतो म्हणाले.

मग 'नको ते सोडा' हा आठवडा सुरू झाला. दोन टोस्टर, एक झाकण नसलेला मिक्सर, योगाच्या मॅटा, लग्नात आलेले आणि खोक्यातून कधीच न निघालेले सहा-सहा पेल्यांचे संच असं बरंच काही सुटलं. हे सगळं घरकामाला येणाऱ्या मावशींकडे गेलं. (मावशी म्हणायची पद्धत फार सोयीची आहे. परक्या बाईला पगार द्यावा लागतो, मावशीला साडी चालते.) या मावशी बहुतेक कोकणीपाडा, मनोरमानगर, आझादनगर अशा भागांतून येतात. चालत येतात, पावसाळ्यातही चालत येतात. त्यातल्या एकीला बी विंगमधल्या एका गृहस्थांनी ट्रेडमिल दिली.

एका खोलीत पाच माणसं राहतात, तिथे हे यंत्र ठेवायचं कुठे, हा प्रश्न गृहस्थांना पडला नाही. तिने ते त्याच संध्याकाळी भंगारवाल्याला घातलं आणि मुलीच्या दहावीच्या क्लासचा हप्ता भरला. गृहस्थ दुखावले. 'या लोकांना वस्तूची किंमतच नसते,' असं लिफ्टमध्ये मला म्हणाले. खरं तर त्या यंत्राची किंमत आजवर फक्त तिनेच वसूल केली होती, आणि तीही रोख.

सोडण्याचा विषय निघाला की महाराष्ट्रात तुकोबा येणारच. कार्यशाळेतही आले. सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवल्याची गोष्ट मार्गदर्शकांनी छान रंगवली, फक्त अर्धी सांगितली. परंपरेने चालत आलेल्या चरित्रात पुढे धाकटा भाऊ कान्होबा येतो. तुम्ही साधू झालात, आम्हाला संसार आहे, अशी त्याची तक्रार. मग तुकोबा खतांचे दोन वाटे करतात, भावाचा वाटा भावाला देतात आणि बुडवतात तो फक्त स्वतःचा. या गोष्टीत मला कान्होबा फार जवळचा वाटतो. आमच्या चारही विंगा कान्होबांनीच भरल्या आहेत, आणि त्याच्या बोलण्यात काही खोटं नव्हतं. पण तुकोबांनी बुडवलं ते लोकांकडून येणं होतं. दुष्काळानं मोडलेल्या माणसांनी फेडायचे पैसे होते ते. कागद पाण्यात गेला आणि कुणाची तरी मान मोकळी झाली. आमची ट्रेडमिल गेल्यावर मोकळा झाला तो दिवाणखाना.

माणसाचा पैशाविषयीचा स्वभाव मुळातून अभ्यासायचा असेल तर जरा तिकडच्या मानपाड्याच्या बाजूला सरकलं पाहिजे. 2019 च्या दिवाळीच्या तोंडावर डोंबिवलीत गुडविन ज्वेलर्सच्या दुकानाला कुलूप लागलं, आणि भिशी आणि मुदत ठेवीत पैसे घातलेली माणसं बंद शटरसमोर उभी राहिली. त्यातून आपण शहाणे झालो असू असं वाटत होतं. जानेवारी 2025 मध्ये टोरेस नावाच्या दागिन्यांच्या कंपनीचा बोजवारा उडाला. दालन दादरला, शाखा आपल्या कल्याणलाही. मॉइसनाइट नावाचा हिऱ्यासारखा चमकणारा खडा घ्यायचा आणि गुंतवणुकीवर आठवड्याला सहापासून अकरा टक्क्यांपर्यंत मिळवायचे. आठवड्याला! बँकेतला माणूस वर्षाला सात टक्के सांगतो तेव्हा बिचाऱ्याची नजर खाली असते. आठवड्याला अकरा टक्क्यांनी चक्रवाढ केली तर लाखाचे वर्षात सव्वादोन कोटींच्या वर होतात. चक्रवाढ व्याज आपल्याकडे आठवीला शिकवतात. म्हणजे हे गणित घरातल्या मुलाला घातलं असतं तरी त्याने सांगितलं असतं, 'बाबा, उत्तर चुकलंय, पुन्हा करतो.' मुलाला कोणी विचारलं नाही. शेजाऱ्याला विचारलं, आणि शेजाऱ्याला मागच्या आठवड्याचा हप्ता मिळालेला होता.

ठेवीदारांचे पैसे बुडवणाऱ्यांसाठी राज्याने 1999 मध्येच एमपीआयडी कायदा केला आहे. तो फसवणाऱ्याला लागू होतो. 'मलाच तेवढं जास्त मिळणार आहे' या खात्रीवर अजून कलम निघालेलं नाही. टोरेसच्या दारात भाजीवाल्यांपासून नोकरदारांपर्यंत सगळे एकत्र होते. घटनेला अपेक्षित असलेली समता बघायची तर अशा बंद शटरपुढे बघावी.

डोंबिवलीतल्या 65 बेकायदा इमारतींची गोष्ट मात्र वेगळी, तिथे माझी जीभ रेटत नाही. पालिकेच्या परवानग्या बनावट आणि त्या दाखवून मिळवलेली महारेराची नोंदणी खरी, असा तो प्रकार. एका वास्तुविशारदाने न्यायालयात जाऊन तो उघड केला आणि नोव्हेंबर 2024 मध्ये इमारती पाडण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश आला, तेव्हा आत माणसं राहत होती. वन बीएचकेसाठी आयुष्यभराची पुंजी घातलेली माणसं. त्यांनी हाव धरली नव्हती, शिक्का बघितला होता. शिक्का असलेल्या कागदावर आपण विश्वास ठेवतो, आणि बहुतेक वेळा तो ठेवण्यावाचून इलाजही नसतो.

आता गंमत बघा. अनोळखी दालनात, अनोळखी माणसाच्या हातात पाच लाख ठेवणारा आमचाच एक शेजारी (नाव कशाला, लिफ्टमध्ये भेटतो) घरी येणाऱ्या बाईने पाच हजारांची उचल मागितली की रात्रभर जागा असतो. परत देईल का? काम सोडून गेली तर? गावाला खरंच कोणी आजारी आहे का? ही बाई त्याच्याकडे सात वर्षं येते. घराची दुसरी किल्ली तिच्याकडे असते. तिच्या आधारची प्रत सोसायटीत, फोटो पोलीस ठाण्यात, आणि येण्याजाण्याची मिनिटागणिक नोंद गेटच्या ॲपवर. ॲपवर तिला तारेसुद्धा द्यायचे असतात, पाचपैकी. टोरेसला तारे द्यायची सोय असती तर त्याने पाच दिले असते.

बाहेर पडताना गेटवर तिची पिशवी उघडून बघतात. येऊरवरून बिबट्या उतरून पार्किंगपर्यंत आला तर ग्रुपवर त्याचा व्हिडिओ फिरतो, 'किती देखणा!' म्हणून लोक हरखतात. त्याची पिशवी कोणी बघत नाही.

या सगळ्याचा कळस गेल्या महिन्याच्या सभेत झाला. विषयपत्रिकेवर पाचवा विषय होता घरकामाच्या दरांचं नियमन. कोरम नव्हता, म्हणून नेहमीप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब करून नंतर तीच, तेवढ्याच माणसांत, वैध करून घेतली. कोणीतरी स्वतःहून पगार वाढवून इतरांची पंचाईत करत आहे, अशी तक्रार होती. भांडी किती, केर-लादी किती, चार माणसांच्या पोळ्या किती, असा एकच दर ठरवावा आणि त्यावर कोणी जाऊ नये. महिन्याला दोनच्या वर खाडे झाले तर कापावेत. विषय मांडला बी विंगच्याच गृहस्थांनी. रविवारी कृतज्ञतेच्या सत्रात याच माणसाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं होतं, आणि ते खोटं होतं असं मला आजही वाटत नाही. करुणा त्यांच्याकडे भरपूर आहे. फक्त ती ठरावीक रकमेच्या वर जात नाही, तिथे बाजारभाव सुरू होतो.

मी म्हटलं, आपले फ्लॅटचे भाव वाढतात तेव्हा आपण पेढे वाटतो, कोणी नियमन मागत नाही. त्यावर अध्यक्षांनी विषयाला धरून बोलायला सांगितलं.

विषयाला धरून सांगायचं तर हा वाद नवा नाही. पुण्यात 1980 साली मोलकरणींनी कोणी न सांगता संप केला. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. मागण्या अशाच होत्या, पगार वाढवा, भरपगारी सुट्टी द्या. राज्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 मध्ये केला, म्हणजे पुण्यातल्या संपानंतर 28 वर्षांनी. आमच्या सभेला बसलेल्यांपैकी कोणालाही तो ठाऊक नव्हता, आणि सभेत तीन वकील होते.

त्याहून मागे जायचं तर लांब जायला नको, टिटवाळ्याला जाऊ. जानेवारी 1945 मध्ये किसान सभेची परिषद तिथे भरली, आपल्याच कल्याण तालुक्यात. तिथून वारल्यांचा लढा पेटला. वेठबिगार बंद करा, दिवसाला 12 आणे मजुरी द्या, 500 पौंड गवत कापायला अडीच रुपये द्या, इतकंच मागणं होतं. जमीनदारांना ते ऐकून आभाळ कोसळल्यासारखं झालं. त्या लढ्यावर गोदावरी परुळेकरांनी लिहिलेल्या पुस्तकाचं नाव 'जेव्हा माणूस जागा होतो'. त्याला साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. जागं होण्याचा तोही एक मार्ग या जिल्ह्यात निघाला होता. त्यात डोळे मिटायला लावत नसत. आणि 'बाहेरची माणसं येऊन यांना फितवतात' हे वाक्य तेव्हा कोणा जमीनदाराच्या ओटीवर बोललं गेलं असेलच. आमच्या सभेत ते चहाच्या आधी एकदा आणि चहानंतर दोनदा बोललं गेलं.

ठराव बहुमताने झाला. दरपत्रक छापून लिफ्टमध्ये लावलं. ते दोन्ही प्रवासी लिफ्टमध्ये लावलं, हे विशेष. मावशींनी सामानाच्या लिफ्टने जायचं असा नियम असल्यामुळे ज्यांच्यासाठी पत्रक होतं त्यांना ते दिसायचा संभव नव्हता.

पण दिसलं. कोणीतरी फोटो काढला आणि तो त्यांच्या ग्रुपवर गेला. त्यांचाही ग्रुप आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं. त्यात लिहिण्यापेक्षा आवाजी निरोपच जास्त. कोणत्या घरात पोळ्या मोजून घेतात, कोण चहा देतं पण कप वेगळा ठेवतं, कोण दिवाळीला पूर्ण पगार देतं आणि कोण मिठाईचा पुडा, कुठल्या घरातला पुरुष दुपारी घरी असला तर दोघींनी मिळून जायचं, सगळ्याची चोख नोंद. आमच्या ॲपपेक्षा माहिती जास्त उपयोगाची, आणि वर्गणी शून्य.

एक तारखेला सकाळी चारही विंगांत एकच गोष्ट घडली. भांडी घासून झाल्यावर प्रत्येकीने पदराला हात पुसत नवे दर सांगितले. सगळीकडे तेच आकडे, आणि महिन्याला चार सुट्ट्या भरपगारी. बी विंगच्या गृहस्थांनी आवाज चढवला. हे कोणी ठरवलं, असं त्यांनी विचारलं.

'मीटिंगीत ठरलं,' ती म्हणाली. 'आमचा कोरम व्हता.'